हातातोंडाची गाठ

उजव्या हाताचा अंगठा ओठांच्या उजव्या कडेला टेकवा. असाच, वाचता वाचता.

या दोन जागांमध्ये पंजा, मनगट, कोपर, दंड, खांदा, मान आणि हनुवटी एवढा मुलूख पसरलेला आहे. घास उचलला की दोघांची क्षणभर भेट होते आणि हात पुन्हा ताटाकडे परततो. आपल्या भाषेनं या भेटीला केवढं मोल दिलं आहे! दोन वेळचं मिळू लागलं की हातातोंडाची गाठ पडली असं आपण म्हणतो. कापणीला आलेलं पीक गारपिटीनं झोपवलं की हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतो.

डोक्याच्या आत हात आणि तोंड एकमेकांपासून लांब नाहीतच. तिथे त्यांची भिंतीला भिंत लागलेली आहे. म्हणून तिथली एखादी बारीक रक्तवाहिनी बंद पडली, की बोटं आणि ओठाची कड एकाच वेळी बधिर होतात आणि मधला दंड, खांदा, मान अगदी शाबूत राहते. मेंदूविकारतज्ज्ञ याला कायरो-ओरल सिंड्रोम म्हणतात. पहिला शब्द हातासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला, दुसरा तोंडासाठीच्या लॅटिन शब्दावरून.

हा शेजार माणसाला कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. ती वर्षं आज तुम्ही स्वतः चालून यायचं आहे. अंगठा ओठावरून काढू नका.

नाकात कोळशाचा धूर शिरतो. हे १८६९ सालचं लंडन. क्वीन स्क्वेअर नावाच्या चौकात पक्षाघात आणि फेफरं यांच्या रुग्णांसाठी एक रुग्णालय उघडून नऊ वर्षं झाली आहेत. बाहेर दगडी रस्त्यावर घोड्यांच्या टापा वाजताहेत, आत गॅसचे दिवे. तुम्ही एका खाटेच्या पायथ्याशी उभे आहात. तुमच्या शेजारी दाढी राखलेला, हळू आवाजात बोलणारा चौतीस वर्षांचा डॉक्टर आहे. त्याचं नाव जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन.

खाटेवरच्या माणसाचा अंगठा थरथरायला लागतो. मग तर्जनी. मग सगळा पंजा आवळला जातो. झटका हाताकडून वर चढतो आणि त्याच बाजूची तोंडाची कड ओढली जाते. माणूस पूर्ण शुद्धीत आहे. आपलाच हात परका झालेला तो बघतो आहे आणि त्याला तो थांबवता येत नाही. तुम्ही पुढे होऊन त्याचा हात धरायला जाता. जॅक्सन मात्र बघत राहतो, कारण बघण्यावाचून त्याच्याकडे दुसरं साधन नाही. जिवंत माणसाच्या कवटीत डोकावण्याची कोणतीही सोय त्या काळात नाही. झटका ओसरला की तो रुग्णाला आणि नातेवाइकांना पुन्हा पुन्हा तेच विचारतो. सुरुवात कुठून झाली? कोणत्या बोटापासून? मग कुठे गेलं?

अशा उत्तरांचा ढीग साचल्यावर त्याला एक शिस्त दिसू लागते. एका बाजूचे हे झटके कुठूनही सुरू होत नाहीत. बहुतेक वेळा ते हातातून सुरू होतात, त्यातही अंगठा आणि तर्जनीतून. त्याखालोखाल चेहऱ्याच्या एका बाजूतून. मग पायातून, विशेषतः पायाच्या अंगठ्यातून. पुढच्याच वर्षी, १८७० साली, जॅक्सन हे छापतो आणि त्यातून निष्कर्ष काढतो की ज्या अवयवाला जास्त बारीक आणि जास्त प्रकारची कामं करावी लागतात, त्याला मेंदूत जास्त जागा असली पाहिजे. झटका अंगठ्याकडून तोंडाकडे सरकतो, तेव्हा मेंदूच्या आतही काहीतरी एका घरातून शेजारच्या घरात सरकत असणार.

मेंदू न उघडता काढलेला हा नकाशा आहे. तो काढला रुग्णांच्या बोलण्यातून. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे प्रत्येक मुक्कामावर ती लागेल.

आता चाल वाढवा. त्याच १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिच आणि हिट्झिग कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका प्रवाह देतात आणि विरुद्ध बाजूचा पाय हलतो. म्हणजे मेंदूवर जागा ठरलेल्या आहेत. १९०९ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग जाग्या असलेल्या दोन रुग्णांच्या मेंदूवर असाच प्रवाह सोडतो, पण मधल्या खोल घळीच्या मागच्या वळीवर. यावेळी काहीच हलत नाही. रुग्ण सांगतात, हाताला काहीतरी जाणवलं. हलवण्याची जागा घळीच्या पुढे आहे आणि जाणवण्याची जागा मागे आहे. हे सांगायला जागा रुग्ण लागला, कारण कुत्र्याला काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता.

१९१४. प्राग. रस्त्यावर एका कानात चेक आणि दुसऱ्या कानात जर्मन पडते आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातलं हे शहर त्याच वर्षी महायुद्धात ओढलं जाणार आहे. ओटो सिट्टिग नावाचा डॉक्टर इथे काम करतो. तुम्ही त्याच्यासमोर डोळे मिटून बसा.

कापसाचं टोक दंडावर फिरतं. कळलं. मनगटावर फिरतं. कळलं. अंगठ्यावर? काहीच नाही. तुम्ही वाट बघता. गालावर स्पर्श होतो, तो स्पष्ट कळतो. ओठाच्या कडेला आल्यावर पुन्हा सगळं पुसट होतं, दात काढायला दिलेल्या इंजेक्शनचा असर ओसरता ओसरता राहावा तसं. तुम्ही स्वतःशी हिशेब मांडू लागता. हाताकडून येणाऱ्या नसा मानेतून पाठीच्या कण्यात शिरतात. तोंडाकडून येणारी नस कवटीच्या तळातून थेट मेंदूच्या देठात जाते. वाटा दोन, गावं दोन. हाताची नस दबली तर ओठाला काही व्हायचं कारण नाही. जबड्यात बिघाड असला तर बोटांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

आपल्याकडे दोन वेगळ्या गावांतले दिवे एकाच क्षणी गेले, की अनुभवी वायरमन गावातल्या खांबांवर चढत बसत नाही. दोन्ही गावांच्या लाइनी जिथे जवळ येतात त्या सबस्टेशनकडे तो निघतो. सिट्टिगही तसाच वर गेला. कुशिंगनं स्पर्श केला होता त्या जाणिवेच्या वळीवर त्यानं या लक्षणाचा उगम शोधला आणि १९१४ साली प्रागच्या वैद्यकीय साप्ताहिकात लिहून ठेवला. हात आणि तोंड यांची जोडी वैद्यकाच्या वहीत तेव्हा नोंदली गेली.

नोंद झाली, पण दोघांची घरं डोळ्यांनी कुणी बघितली नव्हती. त्यासाठी तुम्हाला मॉन्ट्रियलला जायचं आहे, आणि तिथे टेबलावर तुम्ही स्वतः असणार आहात.

१९३६चा हिवाळा. माउंट रॉयल टेकडीच्या उतारावर बर्फ साचला आहे. दोन वर्षांपूर्वी उघडलेल्या मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या शस्त्रक्रियागृहात तुम्ही कुशीवर झोपला आहात. लहानपणापासून तुम्हाला फिट्स येतात आणि औषधानं त्या थांबत नाहीत. डोक्यावर पांढऱ्या चादरींचा तंबू उभारला आहे. त्याच्या एका फटीतून तुमचा चेहरा तेवढा मोकळा आहे. त्वचेत बधिर करणारी इंजेक्शनं दिली आहेत आणि तुम्ही टक्क जागे आहात.

गिरमिटाचा आवाज कानातून येत नाही, हाडातून येतो. दात किंचित थरथरतात. मग हाडाचा तुकडा उचलला जातो आणि एक विलक्षण शांतता पसरते. तुमचा मेंदू उघडा आहे आणि तुम्हाला काहीच दुखत नाही. साऱ्या शरीराच्या वेदना ज्याच्यात उमटतात, त्या मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही.

डोक्यामागून एक शांत आवाज येतो. वाइल्डर पेनफील्ड. तो सांगतो की आता तो एकेका जागी हलका प्रवाह देईल आणि तुम्ही जे वाटेल ते बोलायचं आहे. काहीच वाटलं नाही तर तेही सांगायचं आहे.

"आता?"

"काही नाही."

"आता?"

"करंगळीत... मुंग्या."

त्या जागी आकडा लिहिलेला कागदाचा चिमुकला चौकोन ठेवला जातो. तुम्ही बोलता तो शब्दन् शब्द लिहून घेतला जातो. इलेक्ट्रोड काही मिलिमीटर खाली सरकतो. अनामिका. मधलं बोट. तर्जनी. मग अंगठा, आणि अंगठ्यात झिणझिण्या इतक्या स्पष्ट येतात की तुम्ही चादरीखाली हात हलवून बघता. मध्येच डॉक्टर "आता?" विचारतो आणि प्रवाह सोडतच नाही. तुम्ही "काही नाही" म्हणता. तुमच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा हे तो असं पडताळून बघतो. तुम्ही पास होता.

इलेक्ट्रोड आणखी खाली येतो. अंगठा संपला. आता मनगट येईल, कोपर येईल, असं तुम्हाला वाटतं, कारण शरीरावर अंगठ्यानंतर मनगटच येतं. ते तर केव्हाच मागे पडलं, करंगळीच्याही वर.

"आता?"

"चेहरा. ओठ. उजव्या बाजूचा ओठ."

इथे जरा थांबा. अंगठ्याच्या शेजारी मनगट नाही, तुमचा चेहरा आहे. पायाची बोटं मेंदूच्या दोन भागांमधल्या फटीत, त्यावर पाय, मग धड, दंड, पंजा, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत बोटं, मग चेहरा, ओठ, जीभ, घसा. धड एवढं मोठं असून त्याला इंचभर जमीन मिळाली आहे. ओठांना आणि बोटांना मात्र बागाईत जमीन मिळावी तशी ऐसपैस जागा. जॅक्सननं झटके बघून जे ताडलं होतं, ते इथे आकड्यांच्या चिठ्ठ्या लावून मांडलेलं आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात येते. तुम्हाला एकदाही कापूस, सुई, नाणं किंवा दुसऱ्याचा हात लागल्यासारखं वाटलं नाही. मुंग्या, बधिरपणा, वीज गेल्यासारखी झिणझिण एवढंच. दुखल्याचं तर पेनफील्डच्या रुग्णांनी क्वचितच सांगितलं. मेंदूतून उठलेल्या या जाणिवेला बाहेरच्या वस्तूंचा आकार नसतो. म्हणूनच तिचं वर्णन करताना रुग्ण अडखळतो, आणि म्हणूनच ऐकणारा तिच्याकडे सहज दुर्लक्ष करतो.

१९३७ साली पेनफील्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी अशा कितीतरी शस्त्रक्रियांतले शब्द आणि जागा एकत्र करून शोधनिबंध लिहिला. हॉर्टेन्स कँटली या चित्रकर्तीनं त्यावरून एक माणूस रेखाटला. त्याचे हात सुपाएवढे, ओठ जाडजूड, धड काडीसारखं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं. पण आपल्याला जग जसं जाणवतं तसे आपण सगळे आतून असेच दिसतो.

तुमच्या डोक्याचं हाड परत बसवलं गेलं. आता पॅरिस.

१९५४. साल्पेत्रिएर रुग्णालय. इथे पूर्वी बंदुकीची दारू बनत असे. दारूत लागणाऱ्या सोऱ्याला फ्रेंचमध्ये साल्पेत्र म्हणतात, नाव तिथून पडलं. सतराव्या शतकात त्या जागेवर अनाथ-निराधारांचं आश्रयस्थान झालं आणि एकोणिसाव्या शतकात शार्को या डॉक्टरनं तिथे मेंदूविकारांचं विद्यापीठच उभं केलं. घुमट असलेलं प्रार्थनाघर, लांबच लांब दगडी इमारती, अंगणात झाडं. तुम्ही शिकाऊ डॉक्टर आहात. ज्येष्ठ डॉक्टर रेमाँ गार्सँ आणि त्यांचे सहकारी झाँ लाप्रेल यांच्या मागे तुम्ही वॉर्डात शिरता.

इथली तपासणी घाईची नसते. नादकाटा वाजवून हाडावर टेकवायचा आणि थरथर कळते का विचारायचं. सुईचं टोक आणि बोथट बाजू आलटून पालटून लावायची. रुग्णाचे डोळे मिटवून तळहातावर नाणं ठेवायचं आणि ते ओळखायला सांगायचं. बोटं नाण्यावर फिरतात, कडा चाचपतात, पण ती वस्तू कोणती ते हाताला कळत नाही. दुसऱ्या हातात तेच नाणं दिलं की क्षणात उत्तर येतं. हातात ताकद पुरेपूर आहे, जाणीव तेवढी हरवली आहे. शर्टाचं बटण लावायचं तर डोळ्यांनी बघावं लागतं. पाणी पिताना ओठाच्या कडेनं थेंब ओघळतो आणि ते दुसऱ्यानं सांगेपर्यंत कळत नाही.

अशा रुग्णाचं दुखणं मेंदूच्या बाहेरच्या वळीवरच असलं पाहिजे, असं सिट्टिगच्या वाटेनं चाललात तर तुम्ही म्हणाल. गार्सँ आणि लाप्रेल यांनी त्या वर्षी वेगळी गोष्ट सिद्ध केली. रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू कापून पाहिला तेव्हा जखम खूप आत, थॅलॅमसमध्ये सापडली.

थॅलॅमस या ग्रीक शब्दाचा अर्थ घराच्या आतली खोली. मराठीत त्याला माजघर म्हणावं. जुन्या वाड्यात ओसरीवर आलेला निरोप माजघरातून पुढे जायचा, तसं स्पर्श, दृष्टी, ऐकणं, चव हे सगळं मेंदूच्या पृष्ठभागावर पोचण्याआधी या माजघरात थांबतं. वास तेवढा परसदारानं थेट जातो. माजघराच्या मागच्या आणि खालच्या कोपऱ्यात स्पर्शाची बैठक आहे. तिथे आतल्या बाजूला चेहरा बसतो, त्याला खेटून हात, आणि पाय पार बाहेरच्या भिंतीशी. बाल्टिमोरमध्ये माउंटकॅसल आणि हेनेमन यांनी १९५२ साली माकडाच्या थॅलॅमसमध्ये सूक्ष्म तारा घालून अशीच मांडणी दाखवली होती. पेनफील्डच्या वळीवर जसा शेजार आहे तसाच इथेही. फरक एवढाच की इथे जागा फार कमी, त्यामुळे एक लहानशी जखम दोघांनाही गाठते.

याच साल्पेत्रिएरमध्ये १९०६ साली देजेरिन आणि रूसी यांनी थॅलॅमसच्या मोठ्या जखमेचं वर्णन केलं होतं. त्यात शरीराची अख्खी बाजू बधिर होते आणि काही काळानं त्याच बाजूला न सोसणारी आग होऊ लागते. तो मोठा पूर होता. १९५४च्या रुग्णाच्या मेंदूत त्या पुराचं एक डबकं होतं. फ्रेंच डॉक्टर मेंदूतल्या अशा लहान पोकळ्यांना लाकून म्हणत आले होते, आणि त्या शब्दात रिकामी जागाही आहे आणि पाण्याचं साचलेलं तळंही. पुढे १९६५ साली बॉस्टनच्या मिलर फिशरनं दाखवलं की हात-पाय लुळे न पडता, वाचा न जाता निव्वळ बधिरपणाचाही पक्षाघात असतो. अशा पोकळ्यांच्या मुळाशी बहुतेकदा वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब असतो. तो मेंदूच्या खोलवर जाणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि निबर करतो, आणि एक दिवस त्यातली एखादी बंद पडते.

टेबलावर फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या मेंदूचा काप आहे. तुम्ही त्याच्यासमोर उभे आहात. ज्या माणसानं "नाणं कळत नाही" म्हणून सांगितलं, त्याच्या तक्रारीचं उत्तर त्याच्या मृत्यूनंतर मिळालं. या मुक्कामावरचं हे दुःख मला तुमच्यापासून लपवायचं नाही. या माणसांनी जिवंतपणी धीर धरून टोचून घेतलं, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकून घेतले आणि मेल्यावर स्वतःचा मेंदू दिला, तेव्हा पुढच्यांना निदान मिळालं.

१ ऑक्टोबर १९७१. लंडनजवळचं विम्बल्डन, अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालय. गॉडफ्रे हौन्सफिल्डच्या सीटी स्कॅन यंत्रात पहिल्यांदा जिवंत रुग्णाचं डोकं आहे. क्ष-किरणं कवटीभोवती हळूहळू फिरताहेत. आकडे चुंबकीय फितीवर साठवून गणितासाठी दुसरीकडे न्यावे लागतात आणि परत येतं ते ८० बाय ८० ठिपक्यांचं चित्र. आज आपल्या फोनवरचा सर्वांत वाईट फोटो त्याहून स्पष्ट असतो. तरी त्या दिवशी माणसानं पहिल्यांदा मृत्यूची वाट न बघता मेंदूचा काप पाहिला.

सीटी स्कॅन आणि नंतर एमआरआय आल्यावर हाता-तोंडाची ही जोडी जगभर सापडू लागली. जपान, कोरिया, तैवानमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या मालिका तपासल्या. तेव्हा कळलं की या दोघांचा शेजार एकाच मजल्यावर नाही. पृष्ठभागावरची वळी, तिच्याखालचे तंतू, माजघर, त्याखाली मेंदूचा देठ, या सगळ्या वाटेवर हात आणि तोंड जवळजवळच चालतात. देठात मध्यरेषेजवळ जखम झाली तर तोंडाच्या दोन्ही बाजूही बधिर होऊ शकतात. कधी बधिर हाताच्याच बाजूचा पायही त्यांच्यात सामील होतो.

शेवटचा परदेशी मुक्काम १९९२चा, कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो. इथे जखम मेंदूत नाही. समोर हात गमावलेला एक तरुण डोळ्यांवर पट्टी बांधून बसला आहे, आणि तमिळनाडूत जन्मलेले व्ही. एस. रामचंद्रन कापसाचा बोळा त्याच्या गालावर फिरवताहेत. तो म्हणतो, गालाला लागतंय आणि माझ्या नसलेल्या अंगठ्यालाही लागतंय. चेहऱ्यावरून कोमट पाणी ओघळलं तर ते नसलेल्या हातावरून ओघळल्यासारखं त्याला वाटतं. एक वर्ष आधी माकडांवरच्या संशोधनात दिसलं होतं की हाताकडून निरोप येणं थांबलं की शेजारचा चेहरा हाताच्या रिकाम्या जागेत पसरतो. माणसात नेमकं असंच होतं का, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. शेजाराबद्दल मात्र वाद नाही.

आता घरी या.

सकाळची वेळ आहे. गॅसवर चहा उकळतो आहे. तुमची आई ओट्याशी उभी आहे. कप उचलताना तिचा हात थबकतो. ती बोटं चोळते, मग ओठाच्या कडेवरून जीभ फिरवते.

"हाताला मुंग्या आल्यात. आणि ओठ जड झालाय असा." मग लगेच, "काही नाही, झोपेत हात दबला असेल. चहा घे."

तुम्ही आता लंडन, प्राग, मॉन्ट्रियल, पॅरिस चालून आला आहात. पेनफील्डच्या टेबलावर तुम्ही स्वतः हे शब्द उच्चारले आहेत. एवढ्या प्रवासानंतर "आणि" हा शब्द तुमच्या कानातून सुटता कामा नये. हात आणि ओठ.

झोपेत दबलेला हात ओठाला बधिर करत नाही. मनगटात नस दाबली गेली तर अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटं मुंग्या धरतात, बहुधा रात्री, पण तोंडाचा त्यात संबंध नसतो. मानेचा मणका झिजला तर कळ हातात उतरते, गालावर चढत नाही. भीतीनं श्वास भराभर चालला किंवा रक्तातलं कॅल्शियम उतरलं तर तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात खऱ्या, पण सहसा दोन्ही हातांना आणि दोन्ही बाजूंना. अर्धशिशीच्या आधी येणाऱ्या मुंग्याही हातातून ओठाकडे आणि जिभेकडे जातात, कारण त्याही याच वळीवरून चालतात. त्यांची चाल मात्र मंद असते. मेंदूवर मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर सरकणारी ती लाट आहे. बोटांतून ओठापर्यंत यायला तिला काही मिनिटं लागतात.

पक्षाघात सहसा सरकत येत नाही, तो एकदम येतो. एकाच बाजूचा हात आणि ओठ अचानक बधिर झाले, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो मेंदूचा आघात समजायचा. बोलणं स्वच्छ असेल, तोंड वाकडं नसेल, मूठ घट्ट वळत असेल, तरीही. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं तरीही, कारण ओसरलेला आघात काही रुग्णांत पुढच्या मोठ्या आघाताची वर्दी असतो. वरची लक्षणांची यादी मी घरी बसून निदान करण्यासाठी दिलेली नाही. हे काम डॉक्टरांचं आहे. आघात गुठळीनं झाला की रक्तस्रावानं, हे स्कॅन केल्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून घरातली अ‍ॅस्पिरिनची गोळीही आपल्या मनानं देऊ नका. लहान जखम पहिल्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही असंही होतं. अशा वेळी एमआरआय लागतो, आणि "स्कॅन चांगला आहे" एवढ्यावर घरी परतायचं नसतं.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण ठरवण्याची संधी त्यांना मिळायला तुम्ही त्या वेळेत पोचलेले असायला हवे. तिथे पहिला प्रश्न असेल, रुग्ण शेवटचा पूर्ण ठीक कधी होता? हा प्रश्न जॅक्सनच्या प्रश्नाचा नातू आहे. दीडशे वर्षांत यंत्रं आली, औषधं आली, तरी सुरुवात अजूनही तिथूनच होते. रुग्णानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ते खरं मानून ऐकायचं.

आपल्या घरांत सर्वांत कमी ऐकल्या जाणाऱ्या तक्रारी न दुखणाऱ्या असतात. मुंग्या, जडपणा, बधिरपणा. बायका त्या कामात दडपतात, पुरुष रक्तदाबाच्या गोळीसारख्याच उद्यावर ढकलतात, आणि म्हातारपणी त्या वयाच्या खात्यात जमा होतात. रक्तदाब मोजून घेणं आणि गोळी न चुकवणं हा या आजारावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तोही याच दुर्लक्षात वाया जातो.

आता अंगठा ओठावरून काढा. उद्या घरातलं कुणी हात आणि ओठ एकदम बधिर झाल्याचं म्हणालं, तर त्याला झोपून राहायला सांगू नका. घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा आणि १०८ला फोन करा.